जिना वहीत नाही

कॉलेजच्या दुसऱ्या मजल्यावर एक हॉल आहे. कागदोपत्री तो संस्थेचा. पण कॉलेजात कुणालाही विचारा, हॉल खुर्चीकाकांचा. अठ्ठावीस वर्षं हा माणूस तिथं खुर्च्या मांडतोय. दीडशे खुर्च्या, आणि एकेकीचा स्वभाव त्यांना पाठ. ही डुगडुगते, ती कपडे धरून ठेवते, आणि ती कोपऱ्यातली, तिच्यावर बसलेला माणूस दहा मिनिटांत पेंगायला लागतो. ती पाहुण्यांच्या समोर ठेवायची नाही, हा काकांचा दंडक.

पण खुर्च्या राहू द्या. काकांची खरी सत्ता वहीत होती. लाल कापडी पुठ्ठ्याची लांबडी वही. हॉलच्या दाराशी टेबल, टेबलाला सुतळीनं बांधलेली वही, वहीला दोऱ्यानं बांधलेलं पेन. हॉल ज्याला पाहिजे त्यानं यावं, काका स्वतःच्या हातानं तारीख, वेळ, खुर्च्या किती, सगळं टिपून घेणार. वहीत ज्याचं नाव नाही त्याला एकच वाक्य ऐकायला मिळायचं: "वहीत आहे? नाही? मग हॉल नाही." एकदा खुद्द प्रिन्सिपॉल सर चाळीस माणसं घेऊन दारात उभे राहिले. वहीत नव्हते. मीटिंग सायकल स्टँडवर झाली. सरांना नंतर रागवायचं होतं म्हणतात, पण कशावर रागवावं तेच सापडेना.

आता काकांच्या घरी काकू. लग्नाआधी शाळेत एकदा स्टेजवर गायल्या होत्या, त्यानंतर तीस वर्षं त्यांचं गाणं फक्त घरच्या भांड्यांनी ऐकलं. गेल्या वर्षी त्यांच्या मनात काय आलं कोण जाणे, कॉलनीतल्या तेरा बायका गोळा केल्या, आपण चौदाव्या, आणि गाण्याचा गट काढला. वाद्यबिद्य काही नाही. वाद्य आणलं की वाजवणारा आणावा लागतो, आणि वाजवणारा आला की तो शिकवायला लागतो, असं काकूंचं म्हणणं. सराव स्वयंपाकघरात. चौदा जणी तिथं मावणार कशा? आठ आत, चार बाल्कनीत, आणि दोघी बाथरूमच्या दारात. गंमत म्हणजे त्या बाथरूमवाल्या दोघींचाच आवाज सगळ्यात छान लागायचा. तेव्हा हे कुणाच्या डोक्यात शिरलं नाही. पुढं शिरलं.

एका संध्याकाळी काकू चहाचा कप पुढं ठेवत म्हणाल्या, "अहो, कुणाचा निरोप, कुणाचा सत्कार, कुणाच्या पोरांची नाटकं. सगळ्या जगासाठी खुर्च्या मांडता. एकदा आमच्यासाठी मांडा की."

काकांची छाती अशी फुगली की शर्टाचं बटण बोललं. "एवढंच ना? हॉल तुझा. पुढच्या महिन्यातला शेवटचा शनिवार, दुपारी चार. शब्द दिला."

चौदा घरांत बातमी गेली. चौदा जणींनी निळे कपडे ठरवले. कुणाच्या सासूबाई येणार, कुणाचे दीर येणार. आणि काकूंची थोरली बहीण, आक्का, ज्यांचा आवाज गटात सगळ्यात मोठा आणि काकांबद्दलचं मत सगळ्यात छोटं, त्या म्हणाल्या, "जावईबापूंनी शब्द दिलाय म्हणता? बघू."

कर्मचाऱ्यांना वर्षातून एकदा घरच्या कार्यक्रमासाठी हॉल मिळतो, असा नियम आहे. अठ्ठावीस वर्षांत काकांनी तो कधी वापरला नव्हता. अर्जावर सात सह्या लागतात. पहिली सही हेडक्लार्कची. हा सज्जन माणूस, पण नियमावर असा जीव की घरी मीठसुद्धा चमचा मोजून घेत असावा.

"अर्जदार कोण?" हेडक्लार्कनं विचारलं.

"मी."

"आणि हॉल रिकामा असल्याचा दाखला कोण देणार?"

"मीच."

"म्हणजे तुम्ही तुम्हाला विचारणार, आणि तुम्हीच तुम्हाला हो म्हणणार?"

"मग काय शेजाऱ्याला विचारू?"

"बसत नाही नियमात. अर्ज वहिनींच्या नावानं करा."

"ती कुठं कर्मचारी आहे?"

"मग कर्मचाऱ्याची नातेवाईक असल्याचा दाखला जोडा."

"तो कोण देतं?"

हेडक्लार्कनं नियमांची फाइल काढली, बोट फिरवलं, पान उलटलं, परत उलटलं. "कर्मचारी," तो पडलेल्या आवाजात म्हणाला.

तर असं करत करत, ही माझी बायको आहे हे काकांनी लिहून दिलं, काकूंनी अर्ज केला, आणि कागद निघाला. क्रीडा विभागानं लिहून दिलं की त्या दिवशी हॉलमध्ये कुठला खेळ नाही. लायब्ररीनं लिहून दिलं की अर्जदाराकडं एकही पुस्तक बाकी नाही. काकूंनी जन्मात त्या लायब्ररीचं तोंड पाहिलं नव्हतं, तरी तीन कपाटं तपासली. अग्निशमनाच्या सहीसाठी कुणाकडं जायचं हेच कुणाला माहीत नव्हतं, तेव्हा भिंतीवरच्या लाल सिलिंडरला शेवटचा हात कुणी लावला होता ते शोधून त्याची सही घेतली. वीस दिवस गेले. सहावी सही झाली तेव्हा काका इतके दमले होते आणि इतके खुशीत होते, की सातवी सही, म्हणजे हॉलप्रमुखाची, म्हणजे स्वतःचीच, त्यांनी जिन्यात उभ्याउभ्या कागद गुडघ्यावर ठेवून ठोकून दिली.

वही न उघडता.

अठ्ठावीस वर्षांत ज्या माणसानं वही उघडल्याशिवाय कुणाला हो म्हटलं नाही, त्यानं बायकोच्या वेळी वही उघडली नाही. कारण सरळ आहे. वहीत नावं लोकांची लिहायची असतात. स्वतःचंही लिहावं लागतं हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. वैद्याला आपली नाडी बघायची सवय नसते, तसलाच प्रकार.

शुक्रवारी, म्हणजे कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी सकाळी अकराला, कॉमर्सच्या मॅडम हॉलच्या दाराशी आल्या. "काका, उद्या चारला. दीडशे खुर्च्या, पाहुण्यांना पाण्याचा पेला. लक्षात आहे ना?"

काका हसले. मोठ्या मनानं हसले. "मॅडम, उद्या चारला हॉल गेलाय."

"अहो, मी तीन महिन्यांपूर्वी नोंदवलंय!"

"वहीत आहे?" काकांचा आवाज चढला. दोन पोरं जाता जाता थांबली. हे वाक्य कॉलेजात बघण्यासारखं होतं. काकांनी वही उघडली, बोट ठेवलं आणि दणदणीत आवाजात वाचायला सुरुवात केली, "शनिवार, दुपारी चार, कॉमर्स विभाग, व्याख्यान, विषय वेळेचं नियोजन, खुर्च्या दीड..."

बोट तिथंच थांबलं. अक्षर त्यांचंच होतं. त्या दिवसाचं पान वरपासून खालपर्यंत पाहिलं. काकूंचं नाव कुठं नव्हतं.

मॅडम भल्या बाई. काकांचं तोंड बघून त्या घाबरल्या. "काका, काय झालं? तुमचं काही होतं का उद्या? मी पाहुण्यांना कळवून बघते हवं तर."

आता इथं कुणीही दुसरा माणूस असता तर हो म्हणाला असता. पण काकांनी वही मिटली, सुतळी नीट केली, आणि म्हणाले, "वहीत तुम्ही आहात. हॉल तुमचा." एवढं बोलून ते खुर्च्यांच्या खोलीत गेले आणि त्या पेंगायच्या खुर्चीवर जाऊन बसले. झोप काही आली नाही.

संध्याकाळी घरी काकू निळ्या कपड्यांना इस्त्री करत होत्या. आक्का कॉटवर बसून आवाज मोकळा करत होत्या. शेजारचे रिटायर्ड पोस्टमास्तर नेहमीप्रमाणं पेपर परत द्यायला म्हणून आले होते आणि नेहमीप्रमाणं बसले होते. काकांनी चपला काढल्या, आणि काढता काढताच सगळं सांगून टाकलं, कारण वर बघून सांगायची हिंमत नव्हती.

काकूंनी इस्त्री फक्त उभी करून ठेवली.

बोलल्या आक्का. "बघा! सगळ्या गावाला हॉल देणारा माणूस, आणि बायकोचं नाव लिहायला पेन उचललं नाही!"

"पेन बांधलेलं असतं," काका म्हणाले. न बोलते तर बरं झालं असतं.

पोस्टमास्तरांनी घसा खाकरला. "माझं ऐका. सकाळी लवकर जा, हॉलला कुलूप लावा आणि किल्ली हरवा."

"किल्ली माझ्या गळ्यात असते."

"मग तुम्ही हरवा."

"मास्तर!"

"नाहीतर असं करा, छतातून पाणी गळतंय असं लिहून द्या. आमच्या पोस्टात मी सहा महिने गळवलं होतं."

काकांच्या मनात किल्लीचा विचार क्षणभर आला, खोटं कशाला बोला. पण काकू तेवढ्यात म्हणाल्या, "नको. मॅडमनी वेळेत नोंदवलं होतं. आपण नाही." मग इस्त्री पुन्हा हातात घेतली आणि हळू आवाजात म्हणाल्या, "पण तेरा जणींना मी काय सांगू? उद्या चारला कुठं यायचं त्यांनी?"

"कॉलेजातच यायचं," काका म्हणाले. "जागा मी बघतो."

बघतो म्हणणं सोपं होतं. शनिवारी सकाळी सातला काका कॉलेजात हजर. आधी लायब्ररीचा वाचनकक्ष. लायब्रेरियननं पूर्ण ऐकून घेतलं आणि उत्तर म्हणून फक्त ओठांवर बोट ठेवलं. कँटीनवाला म्हणाला खुशाल या, पण त्याचा फ्रिज दर चार मिनिटांनी असा घरघरतो की पंधरावी बाई गटात आल्यासारखं वाटावं. मैदानावर फुटबॉल. केमिस्ट्रीच्या लॅबबाहेर जागा मोठी, पण तिथं खोल श्वास घेतला की डोळ्यांतून पाणी येतं, आणि गाण्यात श्वास तर घ्यावाच लागतो. सायकल स्टँडचंही बघून आले. तिथं उभं राहिल्यावर चाळीस माणसांची ती मीटिंग आठवली आणि प्रिन्सिपॉल सरांबद्दल पहिल्यांदाच वाईट वाटलं.

दहा वाजले. एकीकडं मॅडमच्या दीडशे खुर्च्या मांडायच्याच होत्या. शंभरेक वर होत्या, पन्नास परीक्षेसाठी तळमजल्यावर गेलेल्या, त्या परत चढवायच्या. चार-चार खुर्च्या दोन्ही हातांत धरून काका दुसरा मजला चढत होते. सातव्या खेपेला जिन्याच्या मध्यावर थांबले आणि धापा टाकायला लागले.

आता हा जिना कसा आहे ते सांगतो. मुख्य इमारतीचा, जुना, दगडी. खाली मोठा मोकळा चौक. तिथून सरळ रुंद जिना पहिल्या सज्ज्यापर्यंत, आणि पुढं दोन्ही बाजूंनी वर. मधला भाग थेट तिसऱ्या मजल्याच्या छतापर्यंत पोकळ, आणि प्रत्येक मजल्यावर गोल कठडा.

तेवढ्यात खालून आक्का आल्या. जागा मिळाली का ते विचारायला आल्या होत्या म्हणे, पण मेहुण्याला खुर्च्या वाहताना बघितलं आणि डोकं फिरलं.

"जावईबापू!" आक्का चौकातून कडाडल्या. "बायकोला रस्त्यावर उभं करून लोकांच्या खुर्च्या वाहताय?"

तो आवाज वर गेला. पहिल्या कठड्याला लागला, दुसऱ्याला लागला, छताला टेकला आणि सावकाश खाली उतरला. पण उतरताना तो आक्कांचा आवाज राहिला नव्हता. गोल झाला होता, गोड झाला होता. तिसऱ्या मजल्यावर एक पोरगी दार उघडून बघायला आली, एवढं कोण छान बोलतंय म्हणून.

काकांच्या हातातल्या खुर्च्या खाली आल्या. त्यांना बाथरूमच्या दारातल्या दोघी आठवल्या.

"आक्का, परत बोला."

"काय?"

"परत शिव्या द्या मला! जरा ताल धरून!"

आक्कांना असली संधी आयुष्यात मिळाली नव्हती. त्यांनी मनापासून दिल्या. काका मजल्यामजल्यावर जाऊन कान देऊन आले. अठ्ठावीस वर्षं ते या जिन्यातून पोरांवर ओरडत होते आणि आपला आवाजच दमदार आहे असं समजत होते. दमदार जिना होता!

धावत हेडक्लार्ककडं. "जिना पाहिजे. आज चारला."

हेडक्लार्कनं फाइल काढली. "जिना ही जागा नाही. तो रस्ता आहे."

"मग त्याची परवानगी कोण देतं?"

"कुणीच नाही. आजपर्यंत कुणी मागितली नाही."

"मग नाही कोण म्हणतं?"

हेडक्लार्कनं बोट फिरवलं, पान उलटलं, परत उलटलं. त्याच्या कपाळावर घाम आला. "नाही म्हणणारा पण कुणी नाही," तो म्हणाला. "वहीत जिना नाही ना?"

"वहीत जिना नाही," काका म्हणाले.

"मग... पण रस्ता अडवायचा नाही हं! अर्धा जिना मोकळा. मी स्वतः खाली उभा राहणार."

काकांनी खडू घेतला आणि जिन्याच्या मधोमध वरून खालपर्यंत सरळ रेघ मारली. डावीकडं गाणं, उजवीकडं रहदारी. चौदा बायका, पायरीला दोघी, सात पायऱ्या. हॉलच्या स्टेजवर मागच्या रांगेतल्या बुटक्या बायका दिसल्याच नसत्या; इथं एकेक ठसठशीत दिसणार होती.

राहिल्या खुर्च्या. दीडशेच्या दीडशे वर मॅडमकडं. खुर्चीकाकांकडं एक खुर्ची नाही! मग त्यांनी अडगळीची खोली उघडली. त्यांनीच बाद करून टाकलेल्या तेवीस खुर्च्या. पुसल्या, लंगड्या पायांखाली पुठ्ठे घातले, आणि कुणाला कुठली द्यायची ते ठरवलं. सासूबाईंना हातवाल्या. पोस्टमास्तरांना खास ती, जिच्यावर बोलायला वळलं की करकर आवाज होतो. कार्यक्रमात मास्तर दोनदा वळले, दोनदा सगळ्यांनी त्यांच्याकडं बघितलं, नंतर तासभर मास्तर पुतळ्यासारखे.

चार वाजले. निळ्या कपड्यांतल्या चौदा जणी पायऱ्यांवर उभ्या. काकू सर्वात खालच्या पायरीवर. चौकात बावीस माणसं बसलेली, वीसेक उभी. उजव्या बाजूनं पोरांची ये-जा, हेडक्लार्क हात हलवत, "चला, चला, थांबू नका."

काकूंनी सूर दिला. पहिली ओळ कापत गेली. दुसऱ्या ओळीला एकीचे शब्द चुकले, आक्कांनी आवाज वाढवून ते झाकले. आणि तिसऱ्या ओळीला तो सूर छताला लागून खाली आला, आणि चौदा जणींना आपलाच आवाज वरून ऐकू आला. एकमेकींकडं बघितलं त्यांनी. मग काय! नंतर त्या थांबतात कुठं.

उजव्या बाजूची रहदारी मंदावली. मग थांबली. पहिल्या कठड्यावर डोकी दिसायला लागली, मग दुसऱ्यावर. वर हॉलमध्ये वेळेच्या नियोजनाचे पाहुणे अजून आले नव्हते. साडेचार वाजून गेले होते. दीडशे माणसं कंटाळली होती, त्यातली पाच बाहेर आली, मग पंचवीस, मग सगळीच. शेवटी मॅडम स्वतः आल्या आणि कठड्यावर कोपरं टेकून उभ्या राहिल्या.

पाहुणे आले चार चाळीसला, घामाघूम, फाइल काखेत. "हॉल कुठं?"

"वर. उजव्या बाजूनं. थांबू नका," हेडक्लार्क म्हणाला.

पाहुणे पाचव्या पायरीपर्यंत चढले आणि नेमकी तिथं, शेजारीच, आक्कांनी एकटीनं म्हणायचं कडवं सुरू केलं. पाहुण्यांचा एक पाय सहाव्या पायरीवर, एक पाचव्यावर. तसेच थांबले. कडवं संपलं, गाणं संपलं, पुढचं सुरू झालं, गृहस्थ हलेनात. हेडक्लार्कनं त्यांना हलवायला पाहिजे होतं. पण तो पायानं ठेका धरून उभा होता, आणि त्याच्या बुटाखाली खडूची रेघ हातभर पुसली गेली होती.

तेवढ्यात पहिल्या मजल्यावरच्या ऑफिसचं दार उघडलं. प्रिन्सिपॉल सर. सर सज्ज्यात आले, खाली बघितलं, वर बघितलं.

"हे कुणाच्या परवानगीनं?" सरांनी हळूच विचारलं.

"सर," हेडक्लार्क खालून कुजबुजला, पण त्या जिन्यात कुजबूज तिसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू गेली, "जिना वहीत नाही."

सर काकांकडं बघत राहिले. सायकल स्टँड आठवला असणार. मग म्हणाले, "वहीत नाही? मग घ्या की वहीत," आणि कठड्याला टेकून ऐकायला लागले.

शेवटच्या गाण्याआधी काकूंनी हात वर केला. "हे गाणं सुरू व्हायच्या आधी," त्या म्हणाल्या, "आमच्या घरच्यांनी बसावं. अठ्ठावीस वर्षं प्रत्येक कार्यक्रमाला दाराशी उभे असतात."

दोनशे माणसांनी वळून बघितलं. एकच खुर्ची शिल्लक होती, आणि तिला पुठ्ठा पुरला नव्हता. काका त्या तीन पायांवर बसले, चौथ्या पायाची भर आपल्या पायानं घातली, आणि अख्खं गाणं होईपर्यंत श्वासही जपून घेतला. पण बसले. आणि टाळ्या वाजायला लागल्या तेव्हा दोन्ही हात सोडून इतक्या जोरात वाजवल्या की खुर्ची आडवी झाली आणि काका जमिनीवर. तिथूनही वाजवतच होते.

आक्का पायऱ्या उतरून आल्या, त्यांना हात देऊन उठवलं आणि म्हणाल्या, "जावईबापू, जागा बरी काढलीत." तीस वर्षांतलं पहिलं कौतुक. जिन्यानं ते तीनदा म्हणून दाखवलं.

पाहुण्यांनी मॅडमना सांगितलं की त्यांना बोलायला दहा मिनिटं पुरतील. तीही सगळ्यांना जास्त वाटली.

सोमवारी हॉलच्या टेबलापाशी रांग होती. नाट्यमंडळाला जिना हवा, मराठीच्या सरांना कवितावाचनाला जिना हवा. मॅडमनाही पुढचं व्याख्यान जिन्यातच हवं होतं. काकांनी वहीचं कोरं पान काढलं, वर ठळक लिहिलं 'जिना', आणि पहिल्याला विचारायला तोंड उघडलं.

"थांबा," रांगेत सगळ्यात पुढं उभ्या असलेल्या काकू म्हणाल्या. त्या कॉलेज उघडायच्या आधीपासून आल्या होत्या. त्यांनी वही आपल्याकडं ओढली, दोऱ्याला बांधलेलं पेन उचललं आणि पुढच्या वर्षीचा तोच शनिवार, दुपारी चार, स्वतःच्या अक्षरात, स्वतःच्या नावानं पहिल्या ओळीत लिहिला.

"मी लिहिलं असतं की," काका म्हणाले.

"हो का?" काकू म्हणाल्या, आणि नावाखाली दोनदा रेघ ओढली.